खोडावरची द्राक्षं

आमच्या शकूआत्याला द्राक्षाचा घड नुसता लांबून दाखवा. यातले किती मणी ठेवायचे आणि किती काढायचे, ते ती हात न लावता सांगेल. त्यावरून कुणाला वाटेल, बाईला द्राक्षं फार आवडत असतील. तसं काही नाही. बत्तीस वर्षं द्राक्षबागांत काढलेली ही बाई द्राक्ष तोंडात घालत नाही. दिवसभर ज्याचं नाक पुसायचं त्यालाच संध्याकाळी ताटात घ्यायचं का, असा तिचा सवाल असतो, आणि त्याला उत्तर द्यायची आमच्या घराण्यात कुणाची टाप नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. राहायला एकलहऱ्याला, कामाला निफाडकडच्या बागांत. अकरा बायकांच्या टोळीची ती मुकादमीण. सकाळी सातला पिकअप येते, बायका मागे बसतात, आत्या ड्रायव्हरशेजारी. ऑक्टोबरात छाटणी झाली की वेलीवरची नको ती फूट काढायची, मग एकेक घड कपातल्या औषधात बुडवायचा, मग कात्रीने मण्यांची विरळणी, आणि शेवटी तयार घडांचा तोडा. यातलं प्रत्येक काम आत्याच्या नजरेखालून जातं. तिकडचे बागाईतदार पुढच्या हंगामासाठी तिला या हंगामातच सांगून ठेवतात. शकुबाईच्या हाताला गुण आहे, असं त्या पट्ट्यात बोललं जातं. आत्याच्या कानावर ते गेलेलं आहे. तिने ते नाकारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

फक्त एक होतं. हा गुण सगळा दुसऱ्याच्या वेलींना लागायचा. स्वतःच्या दारात आत्याला कधी काही फळलं नव्हतं. घराच्या बाजूला दहा फुटांची मोकळी पट्टी आहे. तिथे तिने दोनदा द्राक्षाची काडी लावली. पहिली वाळली. दुसरी अशी माजली की पार गच्चीवर गेली, पण एक घड धरला नाही. पपई लावली, ती नर निघाली. शेवटी त्या पट्टीत तुळस, कढीपत्ता आणि मामांनी लावलेला, मामांसारखाच नुसता पसरलेला मनीप्लांट एवढंच उरलं.

कारभारी मामा, म्हणजे आत्याचे यजमान, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते, तिथूनच रिटायर झाले. ते पेपर खाली करून म्हणायचे, "आमच्या हिचं काम न्यारं हाय. लोकांच्या बागेत सोनं, घरच्या दारात कोळसा." कोळशाच्या बाबतीत मामांचा शब्द शेवटचा असल्याने सगळे हसायचे. आत्याही हसायची. पण ते तिला लागायचं. मला ते कळायचं, कारण हसून झाल्यावर ती मामांना पाऊणच कप चहा द्यायची.

मग दारात एक नवंच झाड आलं, ते प्रफुल्लमुळे. प्रफुल्ल तिचा एकुलता एक मुलगा, देवळाली कॅम्पात सामान हलवायचं काम करतो. मे महिन्यात फौजी लोकांच्या बदल्या निघतात. कपाटं, फ्रीज, सायकली सगळं ट्रकात चढतं, कुंड्या मात्र चढत नाहीत. ओल्या मातीने गाद्या खराब होतात. मग पाणी घालून वाढवलेली ती झाडं बायका कुणाला तरी देऊन टाकतात, आणि निम्मी प्रफुल्लच्या गळ्यात पडतात. सहा वर्षांपूर्वी एका मेजरसाहेबांचं सामान निघालं. मॅडम केरळच्या. त्यांनी रंगाच्या जुन्या डब्यातलं कमरेएवढं झाड प्रफुल्लच्या हातात दिलं आणि त्याला खुर्चीवर बसवून नीट समजावलं. माहेराहून रोप आणलंय, तीन बदल्या सांभाळलंय, काळी फळं धरतं, द्राक्षासारखी, पण फांदीला नाही, खोडाला चिकटून. वेळ लागेल, धीर धरायचा. झाडाचं नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. जबोटीकाबा. ती चिठ्ठी आत्याच्या फ्रीजवर वर्षभर होती. पण घरातल्या कुणालाही ते नाव सलग दोनदा सारखं म्हणता आलं नाही, म्हणून सगळे त्याला मॅडमचं झाड म्हणायला लागले.

प्रफुल्लने निरोप पोचवला तेव्हा आत्या पदर तोंडाला लावून हसली. द्राक्ष येतं ते त्याच वर्षीच्या कोवळ्या काडीवर, हे निफाडात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. खोडाला द्राक्ष लागायला ते काय फणस आहे का, असं ती म्हणाली. मामा म्हणाले, "फणसाला लागतं, उंबराला लागतं, म्हंजी लागू शकतं." मामांचं बरोबर निघालेलं मला आठवतं तेवढं हे पहिलंच वाक्य. पण ते मामांनी म्हटलेलं असल्याने कुणी मनावर घेतलं नाही.

हसली तरी झाड तिने स्वतःच लावलं. पट्टीत मधोमध, हातभर खड्डा करून. दोन महिन्यांत ते पिवळं पडलं. नाशिक रोडच्या एका नर्सरीवाल्याने पान बघून सांगितलं की आपल्या काळ्या मातीत हे जगणार नाही, नाद सोडा. आत्या घरी आली, झाडासमोर उकिडवी बसली आणि पान उलटंपालटं करून बघितलं. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. असली पानं तिने बागांत हजारांनी पाहिलेली. "मरत नाही ते. त्याला लोह भेटू नाही राहिलं," म्हणाली. मग तिने झाड मुळासकट उपटलं. टोळीतल्या पेठकडच्या बायकांनी गावाहून येताना चार गोण्या तांबडी माती आणि झाडाखालचा कुजलेला पाला आणला. बोअरचं क्षाराचं पाणी बंद झालं, नळाचं सुरू झालं. हिराकस, म्हणजे लोहाचंच मीठ, पाण्यात विरघळवून, त्यात लिंबू पिळून आठवड्याला तांब्याभर. तिसऱ्या आठवड्यात शेंड्याला गुलाबी पालवी आली. त्या दिवशी आत्याने पिकअपमधल्या प्रत्येक बाईला ती पालवी दाखवायला खाली उतरवलं, आणि बागाईतदार नवनाथशेठच्या बागेत सगळी टोळी वीस मिनिटं उशिरा पोचली. शेठच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदा घडलं.

पुढे झाड माणसाच्या डोक्यावर गेलं. पेरूसारखं गुळगुळीत खोड, त्याला बुंध्यापासूनच पाच-सहा फाटे, आणि अंगावरची साल पापुद्र्या-पापुद्र्याने सुटणारी.

इथून पुढचं समजायला मिलीबग माहीत पाहिजे. तो द्राक्षाचा जुना वैरी. पांढरा, कापसाच्या बोळ्यासारखा दिसणारा किडा. वेलीच्या सुटलेल्या सालीखाली लपतो आणि घड भरले की वर चढून चिकट घाण करून ठेवतो. म्हणून बागेत खोडाची सुटी साल काढून टाकतात, आणि कुठे पांढरं दिसलंच तर ब्रशने खोड घासून धुतात. आत्याच्या टोळीत याबद्दल दयामाया नाही. पांढरं दिसलं की ब्रश.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीत आत्या अंधार पडताना बागेतून परतली, आणि तिला मॅडमच्या झाडाच्या खोडावर पांढरे ठिपके दिसले. बुंध्यापासून फाट्यांपर्यंत. तिने कपाळावर हात मारला. निफाडचा मिलीबग तिच्याच लुगड्याला चिकटून घरी आला होता. दुसऱ्या दिवशी सातच्या आत तिने बादलीत साबणाचं पाणी केलं, नायलॉनचा ब्रश काढला आणि सुनेच्या हातात दिला. वरून खाली घास, गोल फिरवू नको, फट सोडू नको, एवढं सांगून ती पिकअपमध्ये बसली.

सून म्हणजे स्नेहलवहिनी. घरी ब्लाउज शिवते. तिच्या हाताची शिलाई उसवायला कात्रीसुद्धा दमते, अशी तिची ख्याती. अशा बाईने खोड घासलं म्हणजे कसं घासलं असेल, त्याची कल्पना करा. संध्याकाळी आत्याने बॅटरी मारून पाहिलं, एक ठिपका शिल्लक नव्हता. पुढच्या वर्षी परत पांढरं आलं, परत ब्रश. तिसऱ्या वर्षी तर आत्याने ऑक्टोबरातच सगळी सुटी साल काढून घेतली, किड्याला लपायला जागाच नको म्हणून. तरी फेब्रुवारीत तो आलाच. परत ब्रश. एवढं स्वच्छ खोड त्या गल्लीत काय, अख्ख्या एकलहऱ्यात नसेल. मामा म्हणायचे, एवढं मला कधी कुणी घासलं नाही.

फळ मात्र धरत नव्हतं. आत्या चिडचिडी झाली. स्वतःच्या हातावर तिला संशय घेता येत नव्हता. मातीही तिने स्वतः बदललेली. मग उरलं कोण? वॉशिंग मशिनचं पाणी त्या पट्टीत जायचं. आत्याने ठरवलं, सुनेच्या कपड्यांच्या साबणाने झाडाची मुळी जळते आहे. तिने हे घरात एकदा म्हटलं आणि पिकअपमध्ये दहादा. टोळीतल्या बायकांनी ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्नेहलवहिनीला ऐकवलं. काय गं, सासूचं झाड मारते का, असं हसत हसत. दुसऱ्या दिवशी वहिनीने प्लंबर बोलावून मशिनचा पाइप मागच्या बाजूला वळवून घेतला. ब्रशाने खोड घासायला तीच, आणि फळ न येण्याचं खापरही तिच्याच डोक्यावर. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मागच्या दसऱ्याला प्रफुल्लने स्वतःचा टेम्पो घेतला. रस्त्यावर उभा राहतो, कुणीही आरसा तोडून जातं, म्हणून त्याला पट्टीत पत्र्याची शेड पाहिजे होती. झाड बरोब्बर मधे. तो भीतभीतच बोलला. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुढीपाडव्यापर्यंत थांब. पाडव्यापर्यंत एक जरी फळ नाही धरलं, तर कुऱ्हाड मीच लावीन. तुला सांगावं लागणार नाही." मामा पेपरमागून बाहेर आले नाहीत. आत्याचा शब्द म्हणजे काय, ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. टोळी अमुक दिवशी बाग उरकेल म्हणाली की उरकते. शब्दावरच तिचा सगळा धंदा. त्या दिवसापासून ती झाडाकडे बघायची ती आजारी माणसाकडे बघावं तशी.

आणि मग ती स्वतःच आजारी पडली. डावा गुडघा वर्षानुवर्षं कुरकुरत होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे बागेचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. टोळी त्यातल्याच धोंडाबाईच्या ताब्यात गेली. आत्याची खाट पुढच्या खोलीत खिडकीला लावली. त्या खिडकीबाहेर पट्टी, आणि हात बाहेर काढला तर लागेल एवढ्यावर मॅडमचं झाड. पहिले आठ दिवस तिने खाटेवरून घर चालवलं. मामांनी दोन वेळा नोकरीवर परत जायची इच्छा व्यक्त केली.

एका सकाळी स्नेहलवहिनी बादली आणि ब्रश घेऊन पट्टीत आली. म्हणाली, आई, पांढरं आलंय परत, या वेळी लय आलंय, धुऊन घेते. आत्या हो म्हणाली आणि बघत राहिली. तिने हे खोड आजवर पाहिलं होतं ते सकाळी सातच्या आधी घाईत, नाहीतर दिवेलागणीनंतर बॅटरीच्या उजेडात. फेब्रुवारी म्हणजे बागांचा भर हंगाम. त्या महिन्यात सकाळी दहाच्या उन्हात घरी बसून तिने काही पाहिलंय, असं बत्तीस वर्षांत झालेलं नव्हतं.

तिला आधी दिसल्या त्या मधमाश्या. खोडाभोवती घोंगावणाऱ्या, पांढऱ्यात तोंड खुपसणाऱ्या. मिलीबग चिकट असतो, त्याच्यामागे मुंग्या येतात, रांगा लावून येतात. मधमाशी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

"थांब," ती म्हणाली. "एक तोडून दे मला."

वहिनीने एक पांढरा बोळा नखाने काढून खिडकीतून तिच्या तळव्यावर ठेवला. आत्याने चष्मा लावला. मग अंगठ्याने तो चिरडला. मिलीबग चिरडला की बोटाला लालसर पाणी लागतं. बागेत संशय आला की बायका तेवढंच बघतात. अंगठा कोरडा राहिला. पांढऱ्या केसांसारखे बारीक तंतू, आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला पिवळा ठिपका. तिने तळवा नाकाशी नेला. गोडसर वास.

आत्याने चष्मा पुसून परत एकदा पाहिलं. मग म्हणाली, "स्नेहल, ब्रश खाली ठेव. हे फूल हाय."

वहिनी ब्रशाकडे बघत उभी राहिली. तीन वर्षांचं गणित दोघींच्याही डोक्यात एकदमच झालं असणार. वहिनी बादलीतलं पाणी मागच्या मोरीत ओतून आली आणि शिलाईच्या मशिनवर बसली. त्या दुपारी आत्या जेवली नाही. मामांनी विचारलं, गुडघा दुखतोय का. ती म्हणाली, हो, दुखतोय.

आता खरं सांगायचं तर इथे आत्याला गप्प बसायची सोय होती. फुलं आली होती, फळं धरणार होती, शब्द राहणार होता. शकुबाईच्या हाताचा गुण शेवटी घरच्या दारातही लागला, असं लोकांनी म्हटलं असतं. स्नेहलवहिनी जन्मात तोंड उघडणारी नव्हती. चुकीला साक्षीदार म्हणजे एक नायलॉनचा ब्रश. तीन दिवस आत्या त्या खिडकीला तोंड करून पडून राहिली. वहिनीशी बोलायची ती फक्त गोळ्यांपुरतं आणि पाण्यापुरतं.

चौथ्या दिवशी अमावास्या होती. त्या दिवशी टोळीला सुट्टी असते. दुपारी अकराच्या अकरा बायका केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आत्याला बघायला आल्या. खोलीत जागा उरली नाही म्हणून मामा गच्चीवर गेले. वहिनी आतून चहाचा ट्रे घेऊन आली, आणि तेवढ्यात धोंडाबाईची नजर खिडकीतून बाहेर गेली. धोंडाबाई आत्याच्या वयाची, तोंडाने फटकळ, नजरेने घार.

"अगं शकू, तुझं झाड तर भरलं मिलीबगनं," ती म्हणाली. "तू खाटेवर पडली अन् सूनबाईनं ब्रश नाही घेतला वाटतं हातात. आधी साबण, आता हे."

दोन-तीन जणी हसल्या. वहिनी ट्रे धरून तशीच उभी राहिली. सगळ्यांनी चहा घ्यायला हात पुढे केले.

आत्याने उशीला टेकून स्वतःला वर ओढलं. म्हणाली, "धोंडा, तिला काही बोलू नको. तो मिलीबग नाही. फुलं हायेत ती. दर वर्षी येत होती, अन् दर वर्षी मी ती हिच्याकडून घासून काढत होते. माझ्याच झाडाचा बहर. अन् वर तुमच्यात बसून हिलाच नावं ठेवली. साबणाच्या पाण्यानं काही झालेलं नव्हतं. जे झालं ते माझ्यानं झालं."

अकरा बायका, ज्यांना तिने वीस-वीस वर्षं शिकवलं, रागावलं, वेळेला अर्ध्या ओळीतून परत पाठवलं. त्यांच्यासमोर मुकादमिणीने हे सांगितलं, तेही सुनेच्या देखत. मला हे मामांनी सांगितलं. ते गच्चीवर गेले नव्हते, जिन्यात उभे राहून ऐकत होते.

आत्या मग वहिनीकडे वळली. "तू तेव्हाच बोलायला पाहिजे होतं मला."

"मी काय बोलणार, आई," वहिनी म्हणाली. "मलाबी कीडच वाटली. तुम्ही म्हणल्या म्हणून." आणि जरा थांबून, ट्रेकडे बघत म्हणाली, "पण साबणाचं बोलल्या ते लागलं होतं."

"हां. ते लागायचंच," आत्या म्हणाली. "चुकलं माझं."

धोंडाबाईने चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "म्हंजी शकू, बत्तीस वर्षांत आपण अजून काय काय धुऊन काढलं असंल गं?" मग मात्र सगळ्या अशा हसल्या की मामांना जिन्यातून खाली यावं लागलं. हसणं संपल्यावर आत्याने एकेकीला खिडकीशी बोलावलं. प्रत्येकीच्या तळव्यावर एक फूल ठेवलं, चिरडायला लावलं, वास घ्यायला लावला. अंगठा लाल होतो का बघा. नाही ना? मग ब्रश उचलायचा नाही. हा वर्ग चांगला अर्धा-पाऊण तास चालला. खाटेवर पडलेली बाई शिकवत होती, आणि अकरा जणी शाळेतल्या पोरींसारख्या रांगेत उभ्या होत्या. आपली चूक कबूल केल्यावर माणसाचा वट कमी होतो असं म्हणतात. ज्यांनी म्हटलं त्यांनी ती रांग पाहिलेली नाही.

पुढचा महिना घरात गरोदर बाई असावी तसा गेला. पांढरं गळून पडलं, त्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके राहिले. ते फुगले. खोडावर गर्दी झाली, तशी आत्याच्या बोटांना खाज सुटली. एवढ्या दाटीचे मणी तिला सहन होत नाहीत. एक दिवस तिने विरळणीची कात्री मागवली, हातात घेतली, फिरवली, आणि वहिनीला म्हणाली, आत नेऊन ठेव, मला दिसणार नाही अशी. मामांना बुलबुलांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं. रिटायर झाल्यापासून त्यांना एवढी जबाबदारी कुणी दिली नव्हती. ते पेपर घेऊन झाडाखाली बसायचे आणि पक्षी आला की पेपर फडफडवायचे. पेपर वाचून व्हायच्या आत फाटायचा. शेवटी नवनाथशेठच्या बागेतलं जुनं नेट आणून गुंडाळलं.

पाडव्याच्या चार दिवस आधी हिरव्याचं तांबूस झालं, मग जांभळं, मग काळंभोर. मी पाडव्याला सकाळीच गेलो होतो. फोटोत पाहिलं असतं तर मी म्हटलं असतं, कुणीतरी डिंकाने द्राक्षं चिकटवलीत. बुंध्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत, सालीला चिकटून, तकतकीत. शेजारपाजारचे लोक कुंपणावरून बघत होते. कुणी म्हणे जांभळं, कुणी म्हणे करवंदं. आत्या वॉकर घेऊन स्वतः बाहेर आली, नवी साडी नेसून. तिने पहिली पाच फळं तोडली, गुढीपुढे ठेवली. मग त्यातलंच एक उचलून स्नेहलवहिनीसमोर धरलं.

"तुम्ही घ्या आधी," वहिनी म्हणाली.

"घासायला तू आधी होती. खायलाबी तूच."

वहिनीने फळ दाताखाली धरलं. जाड साल फट्कन फुटली. आतला पांढरा गर तिने ओढून घेतला, डोळे मिटले, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. "द्राक्ष हाय," ती म्हणाली, "पण लिचीच्या घरी वाढलेलं." मग आम्ही तुटून पडलो. तिने सांगितलं त्यात फरक नव्हता. गोड, मागून जरासं आंबट, आणि साल चघळली तर तुरट. आत्याने एक खाल्लं, बी हातावर काढलं, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. "माझा हात नव्हता म्हणून आलं," ती म्हणाली. वहिनी लगेच म्हणाली, "अन् पिवळं पडलं होतं तेव्हा कुणाचा हात होता?" त्यावर आत्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या घराण्याच्या इतिहासात ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

प्रफुल्ल झाडाला एक चक्कर मारून आला. शेडवाल्याला त्याने फोन लावला आणि टेम्पोसाठी ताडपत्री पुरेल म्हणून सांगितलं.

दहाच्या सुमारास नवनाथशेठ आले. बारा एकर बाग, चाळिशीतला गडी, आत्याला मावशी म्हणतो. एप्रिलातल्या खरड छाटणीला मावशी येणार का, हे विचारायला आले होते. त्यांना बशीत फळं दिली. शेठ व्यापारी माणूस. पहिलं फळ खाल्लं आणि विचारलं, टिकतं किती? आत्या म्हणाली, मॅडम सांगून गेल्यात, झाडावरून काढलं की दोन दिवस, मग आंबतं. शेठ म्हणाले, "मग मावशी, मार्केटला कसं जाणार हे?"

"जातच नाही," आत्या म्हणाली. "ज्याच्या दारात हाय, त्यानंच खायचं."

शेठनी यावर थोडा विचार केला आणि दुसरं फळ घेतलं.

संध्याकाळी टोळी आली. प्रत्येकीने खाल्लं, आणि प्रत्येकीने बी थुंकून न टाकता तळहातावर धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या वेलींची बाळंतपणं केलेल्या या बायका. कुणाच्या दारात कुंडी आहे, कुणाच्या दारात तीही नाही, रॉकेलचा रिकामा डबा आहे. आत्याने मॅडमचंच सांगणं पुढे दिलं, बी वाळलं की मेलं, आजच लावायचं. माती तांबडी, पाणी नळाचं, रोज. फळायला सात-आठ वर्षं. धोंडाबाईने बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, तोवर मी असंल का? आत्या म्हणाली, "नसली तर सून खाईल. तिच्या हातात फक्त ब्रश देऊन जाऊ नको." ओल्या फडक्याचे तुकडे झाले, बिया बांधल्या गेल्या, पदराच्या गाठी बसल्या.

नवनाथशेठ छाटणीच्या तारखा पक्क्या करायला तेव्हाच परत आले होते. ते बाजूला उभे राहून हे सगळं बघत होते. शेवटी त्यांनीही खिशातून रुमाल काढला आणि रांगेच्या मागे जाऊन उभे राहिले. बारा एकरांचा मालक, अकरा मजूर बायकांच्या पाठी. आत्याने त्यांना मधे घेतलं नाही. त्यांची पाळी आली तेव्हा दोन बिया उरल्या होत्या. त्यांनी त्या रुमालात गुंडाळल्या. आत्याने रुमाल परत मागून घेतला, उघडला, तांब्यातल्या पाण्याने ओला केला, नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला.

"अन् शेठ," ती म्हणाली, "पाण्याला माणूस लावू नका. स्वतः घाला."